चंडोल आणि दोन चिमटे

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे. विमान म्हटल्यावर लगेच आकाशाकडे पाहू नका, मी त्यातला नाही. माझे पंख पसरून मोजले तर जेमतेम दीड हात भरतील. माझ्यात पायलट बसत नाही. बसलाच तर एखादा नाकतोडा बसतो. तरीही मी खराखुरा उडतो, आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या डब्यावरचं बटण दाबलं की बिनतारी वळतो. माझं नाव चंडोल.

१९९६ साली शिरूरला मारुतरावांच्या घरी माझा जन्म झाला. मारुतराव रांजणगावच्या एका कारखान्यात टर्नर. शिफ्ट संपवून कंपनीच्या बसने घरी आले, की ते पाटावर बसून बाल्साच्या पातळ फळ्यांतून ब्लेडने माझ्या बरगड्या कापत. बाल्सा हे इतकं हलकं लाकूड, की कापताना पंखा लावायची सोय नाही. पंखांवर कागद चढवायचं काम मात्र त्यांच्या पत्नी अनिताताईंनी केलं, कारण मारुतरावांकडून तो तीनदा फाटला होता. पापड लाटणारा हात तो. कागद असा ताणून बसवला, की वाळल्यावर टिचकी मारली तर डफासारखा वाजायचा. "एवढ्याशा खेळन्याला दीड म्हैना!" असं त्या म्हणत, पण माझ्या शेपटीवरची लाल पट्टी त्यांनीच हौसेनं रंगवली.

माझ्या पोटातला रेडिओ मात्र दौंडच्या हातांनी बसवलेला. तिथं रेल्वेच्या सिग्नल खात्यात मारुतरावांचे जिवलग मित्र पोपटराव नोकरीला होते. कॉलेजात एनसीसीमध्ये दोघं एकत्र विमानं बनवायला शिकले. लाकडाचं काम मारुतरावांचं, तारांचं पोपटरावांचं. पुण्याच्या जुन्या बाजारात त्यांना दोन जुनाट रेडिओ संच मिळाले. एक माझ्यासाठी आणि दुसरा पोपटरावांच्या विमानासाठी.

त्यात एक अडचण होती. दोन्ही संच एकाच लहरीवर चालायचे. रेडिओवर एकाच जागी दोन स्टेशनं लागली की कशी खरखर होते, तसंच. दोघांनी एकदम संच चालू केले, तर वरच्या विमानाला कुणाचं ऐकावं ते कळणार नाही. म्हणून त्यांनी नियम केला. न्हावऱ्याजवळच्या माळावर, जिथं ते दर रविवारी भेटत, तिथल्या बाभळीला एक दोरी बांधली आणि तिला कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावला. ज्याला उडवायचं असेल त्यानं चिमटा काढून आपल्या शर्टाला लावायचा आणि मगच संच चालू करायचा. दोरी मोकळी दिसली की दुसऱ्यानं थांबायचं.

तीन वर्षं हा नियम कधी मोडला नाही. शिरूरहून आम्ही एस्टीनं यायचो, दौंडहून पोपटराव जीपनं. अनिताताई डबा घेऊन यायच्या. माळावर चरणारी मेंढरं पहिल्या दिवशी मला बघून चौखूर उधळली. पुढं पुढं त्यांनी मान वर करायचंही सोडलं, याचा मला थोडा रागच आला. शेजारच्या शेताचे मालक भिमाआप्पा मात्र प्रत्येक वेळी तोंड भरून म्हणायचे, "झ्याक उडतंय राव!" कौतुक कुणाला आवडत नाही?

१९९९ची दिवाळी होऊन गेली. त्या रविवारी पोपटरावांना यायला उशीर झाला. मारुतरावांनी चिमटा शर्टाला लावला आणि मला सोडलं. मी उंच गेलो, इंजिनातलं तेल संपलं आणि मी आवाज न करता तरंगू लागलो. वरून मला सगळं दिसत होतं. अनिताताईंनी बाभळीखाली डबा सोडला आणि त्यांचं लक्ष मोकळ्या दोरीकडे गेलं. या दोघांनी चिमटा हरवला बहुतेक, असं त्यांना वाटलं असणार. भाकरीच्या फडक्याला लावलेला चिमटा काढून त्यांनी तो नीट दोरीला लावला आणि त्या पाणी आणायला विहिरीकडे गेल्या.

तेवढ्यात पोपटराव आले. मारुतराव लांब बांधावर पाठमोरे उभे होते. चिमटा दोरीवर आहे, मग विचारायचं काय? पोपटरावांनी तो शर्टाला लावला आणि संच चालू केला.

माझी शेपटी एका बाजूला वळली ती वळलीच. गिरक्या घेत मी भिमाआप्पांच्या उसात जाऊन उलटा पडलो. पंख मोडले, पण कान शाबूत होते.

"पोपट, संच चालू केलास? चिमटा माझ्याकडं हाय!"

"तुज्याकडं कसा आसंल? ह्यो बघ, दोरीवरनं काढलाय म्या."

"म्हंजी घरनं दुसरा आनलास. एवढी घाई झाली व्हती?"

"मारुती, मला लबाड म्हनतूस?"

"मग काय म्हनू?"

त्यानंतर चपलांचा आवाज दूर गेला. मारुतरावांनी मागून हाक मारली नाही. विहिरीवरून परतलेल्या अनिताताईंचा आवाज मला आलाच नाही.

मित्रांनो, उसातले दिवस फार वाईट गेले. मारुतरावांनी दोन रविवार मला शोधलं. पाचटानं त्यांचे हात ओरबाडले. शेवटी भिमाआप्पा म्हणाले, "आता तोडनीलाच घावंल. तवर नाद सोडा." मग कुणी आलं नाही. उंदरांनी माझा कागद खाल्ला, पाटाचं पाणी पोटात शिरलं. पण खरी तळमळ वेगळीच होती. ज्या दोस्तीतून मी जन्मलो, ती एका चिमट्यावरून तुटली होती. खरं काय ते मी पाहिलं होतं आणि मला तोंड नव्हतं.

फेब्रुवारीत तोडणी आली. कुशाबाई नावाच्या तोडकरीण बाईंचा कोयता माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबला. "अगं बया, ह्ये पाखरू हाय का काय!" भिमाआप्पांनी मला मोटरसायकलवरून शिरूरला पोहोचवलं. मारुतरावांनी आठ दिवस बसून माझ्या बरगड्या जोडल्या, अनिताताईंनी कागद चढवला. पण रेडिओ मेला होता, आणि तो दुरुस्त करणारा माणूस एकच होता.

"ऱ्हाऊ दे," मारुतराव म्हणाले. "शोभंला ठिवू." मी कपाटावर गेलो.

दुसऱ्याच दिवशी, मारुतराव कामावर गेल्यावर, अनिताताईंनी मला जुन्या साडीत गुंडाळलं आणि दौंडची एस्टी धरली. सबंध वाटेत त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

पोपटरावांच्या दारात त्या बसल्याही नाहीत. "भावजी, त्यो दुसरा चिमटा मी लावला व्हता. दोरी मोकळी दिसली, वाटलं तुम्ही हरवला. त्या चिमट्यात काय हाय, ते मला कुनी कवा सांगितलंच न्हाई. तीन वर्सं नुसता डबा आनला म्या."

पोपटरावांनी विचारलं, "मग तवाच का न्हाई बोललात, वहिनी?"

"भ्याले. रोज म्हनायची, आज सांगते. ह्ये गप गप जेवायचे, आन् माजं तोंडच उघडंना."

पोपटरावांनी साडी उलगडून मला मांडीवर घेतलं. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "लबाड म्हनला त्येचं एवढं न्हाई. मागनं हाक मारली न्हाई, त्ये लागलं." त्यांनी माझं पोट उघडलं, एक तार बदलली, दोन जोडल्या. तासाभरानं माझी शेपटी हलली. ते उठले आणि चपला शोधू लागले. "चला. मारुती सुटायच्या आत शिरूर गाठू."

पण वाटेत एस्टी रखडली, आणि संध्याकाळी मारुतरावांनीच दार उघडलं तेव्हा मी पोपटरावांच्या हातात होतो. अनिताताईंनी दारातच सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी न अडखळता. मारुतरावांचा चेहरा कसानुसा झाला.

"पोपट, म्या तुला लबाड म्हनलो रे."

"व्हय, म्हनलास. आता बाजूला सर, च्या तरी पाज."

मारुतराव बाजूला सरले नाहीत. त्यांनी पोपटरावांना घट्ट मिठी मारली आणि मी दोघांच्या मधे सापडलो. नुकतीच जोडलेली बरगडी कडकन मोडली. मित्रांनो, मी अजिबात तक्रार केली नाही.

ती बरगडी नंतर पुन्हा जोडली गेली. पुढच्या रविवारी डबा पोपटरावांनी आणला आणि मला अनिताताईंनी उडवलं. पहिल्याच फेरीत त्यांनी मला भिमाआप्पांच्या गोठ्यावर उतरवलं, पण ते असो. मुलांनो, मोडलेल्या वस्तू फेकू नका, त्या जोडता येतात. तुमच्या खेळात कुणी नुसतंच बाजूला बसत असेल, तर त्याला नियम समजावून सांगा. आणि कुणी रागावून निघून चालला असेल, तर तो हाकेच्या अंतरावर आहे तोवरच त्याला हाक मारा.