बांगडीची निगा

आमच्या मोठ्या जाऊबाई सासूबाईंना किती जपतात, हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. शेजारीपाजारी, नातेवाईक, खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर, सगळ्यांचं तेच. "असं कोण करतं हो आजकाल?" कोणीच करत नाही, हे खरंच आहे. बाकीच्यांच्या सासूच्या मनगटात जेडची बांगडी अडकलेली नसते ना!

बांगडी अखंड हिरव्या दगडाची. ना फासा, ना बिजागरी. लग्नानंतर सासऱ्यांनी आणली आणि साबण लावून सासूबाईंच्या हातात चढवली, तेव्हा तो हात कोवळा होता. पुढे त्याच हाताने कपडे पिळले, दोन मुलगे वाढवले, हात रुंदावला आणि बांगडी कायमची आत राहिली. सासरे गेल्यावर एका जवाहिऱ्याने भिंग लावून ती पाहिली. असा हिरवा रंग हल्ली बघायला मिळत नाही, सांभाळा, म्हणाला. त्याच आठवड्यात जाऊबाईंना साक्षात्कार झाला, की आईंनी आता एकटं राहणं बरं नाही. बांगडी निघत नव्हती, म्हणून आईंना न्यावं लागलं.

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून, जादा ब्रेकवर पाय ठेवून लोकांच्या चुका बघायच्या, हा माझा धंदा. सुट्टीच्या दिवशी सासूबाईंना भेटायला गेले की तिथेही चुकाच बघायच्या, फक्त पायाखाली ब्रेक नसायचा.

जाऊबाईंनी जेडवर इतकं वाचलं होतं, की तेवढ्या वाचनात एखादी बाई वकील झाली असती. जेडला घाम चालतो, अत्तर चालत नाही. अंगावर असलं की झळाळी राहते, कपाटात कोंडलं की ते कोरडं दिसायला लागतं. फरशी पुसायचं औषध नको, कडक ऊन नको, गॅसची धग नको. आणि एकदम गरम, एकदम थंड तर मुळीच नको, दगडाला आतून चीर जाते म्हणे. यातलं बरंचसं खरंही असेल. पण जे बांगडीला चालत नाही ते सासूबाईंनाही चालत नाही, असा त्या घराचा कायदाच झाला. स्वयंपाकघर बंद, भांडी बंद. बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालणंही बंद, कारण कठड्यावर हात आपटेल. आंघोळ बारा महिने कोमट पाण्याने. ती झाली की जाऊबाई सासूबाईंचा डावा हात मांडीवर घेऊन मऊ ब्रशने बांगडी घासायच्या आणि मऊ फडक्याने टिपायच्या. पायाची नखं मात्र मी जाऊन कापायची.

"वहिनी, आईंच्या टाचांना भेगा पडल्यात," मी एकदा म्हटलं.

"हो गं, बघायला हवं," त्या म्हणाल्या. ब्रश चालूच होता.

सासूबाई खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसायच्या आणि रस्त्यावरची माणसं बघायच्या. मी त्यांना बिस्किटाचा पुडा दिला की तो उशीखाली जायचा.

गेल्या आठवड्यात त्या बाथरूमच्या पायरीला अडखळून पडल्या, त्याच हातावर. पडल्या सकाळी आणि मला मोठ्या दिरांचा फोन आला दुपारी. "आई पडली. पण काळजी करू नकोस, बांगडी शाबूत आहे." हे वाक्य त्यांनी मला धीर द्यायला उच्चारलं होतं. एक शिकाऊ गृहस्थ चौकात तिसऱ्यांदा गाडी बंद पाडत होते, त्यांना तिथेच उतरवलं आणि स्कूलच्याच गाडीने निघाले.

जाऊन बघते तर मनगट पावासारखं फुगलेलं. बांगडी मांसात रुतली होती आणि बोटं जांभळी पडायला लागली होती.

"बर्फ लावला का?" मी विचारलं.

"बर्फ?" जाऊबाईंचा आवाज चढला. "वेडी आहेस का तू? एकदम थंड लागलं तर तडकेल ती!"

"मग सकाळपासून काय लावलंत?"

"कोमट पाण्याच्या पट्ट्या."

कोमट! फ्रीज समोर घुमत होता. मला त्या क्षणी जे बोलायचं होतं ते बोलले असते, तर आमच्या घराण्याचे संबंध कायमचे संपले असते. मी दात-ओठ खात सासूबाईंना उठवलं आणि गाडीत बसवलं. दीर आणि जाऊबाई मागच्या सीटवर बसले. वाटेत खड्डा आला की जाऊबाई "हळू, हळू" करायच्या. कशासाठी, ते विचारायचीही गरज नव्हती.

हॉस्पिटलातली डॉक्टर तरुण पोरगी होती. एक्स-रे काढला, बोटं दाबून बघितली. "हाड थोडंसंच मोडलंय, ते जुळेल. पण बांगडी आत्ता फोडायला लागेल. रक्त अडकलंय. उशीर केलात तर बोटं गमवाल."

"तेल लावून बघायचं का?" दिरांनी विचारलं. "किंवा ते प्लास्टिकची पिशवी घालून काढतात ना, तसं?"

"आता नाही निघणार. सकाळीच बर्फ लावला असता, तर सूज इतकी चढली नसती. कदाचित फोडायलाही लागली नसती."

जाऊबाई मटकन स्टुलावर बसल्या. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता आणि मी तो पोटभर बघून घेतला.

पण सासूबाईंनी हात मागे ओढला. "नको. फोडू नका."

दिरांच्या डोळ्यांत लगेच पाणी. "बाबांची आठवण आहे ना, डॉक्टर..."

"आठवण गेली खड्ड्यात," सासूबाई म्हणाल्या. "बांगडी फुटल्यावर मी राहू कुठे, ते सांगा."

दीर छताकडे बघायला लागले, जाऊबाई चपलेच्या अंगठ्याकडे. या दोघांची मला किळस आली, अगदी मनापासून आली. आता बोलायचं कोणी, तर मी. माझ्याकडे राहा, एवढंच म्हणायचं होतं. पण आमच्या दोन खोल्या डोळ्यांपुढे आल्या. रात्रपाळी करून दिवसा झोपणारा नवरा आला, सोफ्यावर पसरलेली लेकीची पुस्तकं आली आणि माझ्या तोंडून शब्द निघाले ते असे :

"आई, ते नंतर बघू. आधी हात महत्त्वाचा."

"हो ना, नंतर बघू," जाऊबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत आमचं दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

सासूबाईंनी आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ. मग त्यांनी हात डॉक्टरपुढे केला. "फोडा."

डॉक्टरने बांगडीखाली पातळ पट्टी सरकवली, वर फडकं टाकलं आणि पकड आवळली. कप फुटावा तसा आवाज झाला. जाऊबाई तुकडे वेचायला खाली वाकल्या. पलंगावर बोटांचा रंग हळूहळू परत येत होता, ते फक्त डॉक्टर बघत होती.

प्लास्टरची तयारी करून नर्स आली. "आजी, सोबत कोण आहे? सही लागेल."

आम्ही तिघं तिथेच उभे होतो. दिरांच्या हातात फोन, जाऊबाईंच्या हातात तुकड्यांचा रुमाल, माझ्या हातात गाडीची किल्ली.

"कोणी नाही," सासूबाई म्हणाल्या आणि सही करायला त्यांनी उजवा हात पुढे केला.