लेकरांची ओळ

पाळकसाहेबांची प्रार्थना संपली आणि खोलीतल्या सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. छायाबाईंनी म्हटलं नाही.

कुणी म्हणेल, एका माणसानं आमेन म्हटलं नाही तर काय आभाळ कोसळतं? दुसरीकडे कोसळत नसेल, कृपासदन मंडळीच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या, कमिटीत कोसळतं. या कमिटीत हात वर करून मतं घेण्याची पद्धत नाही. जुन्या लोकांचं म्हणणं असं, की हात वर झाले की माणसं मोजली जातात, आणि मोजली की दोन तट पडतात. म्हणून इथं विषयावर बोलणं झालं की पाळकसाहेब त्या विषयाची प्रार्थना करतात, शेवटी सगळे आमेन म्हणतात आणि ठराव झाला असं धरतात. एक जरी आमेन कमी पडलं तर विषय पुढच्या सभेवर जातो. अर्थात ते कधी कमी पडायचं नाही. आमेन म्हणायला कुणाच्या बापाचं काय जातं? प्रार्थनेत डुलकी लागलेला माणूससुद्धा शेवटी दचकून आमेन म्हणतो.

सेक्रेटरी उजागरे सरांनी डोळे उघडून टेबलाभोवती एक नजर फिरवली. ती छायाबाईंपाशी येऊन थांबली.

“सिस्टर, घसा बसलाय का?” त्यांनी हसून विचारलं.

“नाही सर. घसा बरा आहे.”

बाहेर त्र्यंबक रोडवरची वाहतूक ऐकू येत होती. पाळकसाहेबांनी बायबल मिटलं, चष्मा काढला, पुसला आणि विषय पुढच्या सभेवर ठेवल्याचं हळू आवाजात सांगितलं.

छायाबाई मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होत्या. दवाखाना बंद पडून जमाना झाला, पण ‘सिस्टर’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. मंडळीच्या नियमांत कमिटीच्या सभासदाला ‘वडील’ म्हणतात, त्यामुळे मंडळीनं निवडून दिल्यावर सिस्टर वडील झाल्या. यावरून त्यांच्या नवऱ्यानं, यादवरावांनी, त्यांना महिनाभर छळलं होतं. चहा मागताना ‘वडील, आधण ठेवता का’ म्हणायचे. प्रत्येक वडिलांकडे एकेक काम असतं. छायाबाईंकडे कबरस्तान आलं, कारण ते कुणालाच नको होतं. कुणाची माती झाली, म्हणजे कुणी वारलं, की खड्डा कुठे काढायचा ते खोदकाम करणाऱ्या झुंबरला दाखवायचं, गवत काढून घ्यायचं, नळ गळत असेल तर प्लंबर आणायचा. बाईंनी ते काम घर झाडावं तसं केलं.

सभेतला विषय साधा होता, निदान उजागरे सरांनी तो साधा करून मांडला होता. कबरस्तानाच्या मागच्या भिंतीपलीकडे एक टॉवर उभा राहत होता आणि त्याला मोठ्या रस्त्यावर यायला वाट नव्हती. बिल्डरला कबरस्तानाची मागची पट्टी हवी होती. बदल्यात तो मंडळीला हॉल बांधून देणार होता. हॉलची गरज होती हे काही खोटं नाही. लग्न चर्चमध्ये लागायचं आणि जेवणाला वऱ्हाड गंगापूर रोडच्या कुठल्या तरी लॉनवर धावायचं. उजागरे सर म्हणाले, त्या पट्टीत ना दगड, ना नावं, तिथं कुणी येतही नाही.

त्या पट्टीला जुनी माणसं लेकरांची ओळ म्हणतात. दवाखाना चालू होता तेव्हा हरसूल, पेठकडच्या बाया अडल्यानडल्या बाळंतपणाला यायच्या. मूल जगलं नाही तर ते उचलून पुन्हा डोंगरात न्यायला त्यांच्याकडे ना त्राण, ना गाडी. मग पांढऱ्या फडक्यात गुंडाळून नर्सच त्याला कबरस्तानात आणायची. जात-धर्म विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. छायाबाईंनी किती आणली त्याचा हिशोब त्यांनी ठेवला नाही. पण त्या पट्टीतून चालताना त्या आजही पाय जपून टाकत.

सभेहून त्या घरी पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. यादवराव पलंगावर उशीला टेकून बसले होते. एसटीत ड्रायव्हर म्हणून हयात घाटात काढलेला माणूस, आता फुप्फुसात पाणी भरत होतं आणि पलंगावरून संडासापर्यंत जाणं हाच त्यांचा घाट होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, त्याचा अर्थ दोघांनाही कळला होता.

“छाया, एक शब्द होता,” ते म्हणाले. “म्हणून टाकायचा.”

छायाबाईंनी चपला काढल्या, हात धुतले, औषधाची गोळी त्यांच्या हातावर ठेवली. मग म्हणाल्या, की आपल्या हातांनी ठेवलेल्या लेकरांवरून गाड्या जाऊ द्या असं देवाला सांगायचं, आणि वर आमेन म्हणायचं, हे त्यांना जमणार नाही.

“ती लेकरं गेली गं,” यादवराव म्हणाले. “मला अजून जायचंय.”

यादवरावांच्या आई, कमळाबाई, कबरस्तानात पिंपळाच्या बाजूला होत्या. जाताना त्यांनी डावीकडची जागा लेकासाठी मागून ठेवली होती आणि तेव्हाच्या कमिटीनं आमेन म्हटलं होतं. यादवरावांनी दुसरं काही कुणाकडे मागितलं नाही. पण माती म्हणजे मंडळीची मर्जी. फाटकाची किल्ली सेक्रेटरींकडे, उपासना पाळकांकडे, खांदा द्यायला माणसं मंडळीतली. मंडळीशी वाकडं घेतलेल्या माणसाची पेटी फाटकाबाहेर ताटकळल्याचं यादवरावांनी लहानपणी पाहिलं होतं. त्या भीतीनं ते आत्ता घामेजले होते.

पुढच्या रविवारी छायाबाईंच्या बाकावर त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही. ‘जय ख्रिस्त’ म्हणायला थांबणाऱ्या बाया पर्समध्ये काहीतरी शोधत पुढे गेल्या. उपासनेनंतर त्या कबरस्तानात गेल्या, तर मागच्या भिंतीच्या चार विटा निघालेल्या. भोकातून पलीकडचा डंपर दिसत होता. झुंबरला विचारलं तर तो म्हणाला, आपुन नाय पाहिलं. दोन दिवसांनी त्या भोकातून माणूस वाकून येईल एवढी जागा झाली होती. लेकरांच्या ओळीच्या दोन्ही अंगांना चुन्याच्या रेघा पडल्या होत्या आणि भिंतीपलीकडे एक पांढरी गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. आत कोण आहे ते काळ्या काचांमधून दिसत नव्हतं. छायाबाई फाटकापर्यंत आल्या तरी तो इंजिनाचा आवाज त्यांच्या पाठीमागे येतच होता.

त्याच आठवड्यात हरसूलची कुसाबाई आली. ती वर्षातून एकदा, भात लावून झाला की, सीबीएसच्या एसटी स्टँडवर उतरून पायी यायची. तिची पहिली मुलगी या ओळीत होती. नेमकी कुठे ते तिला माहीत नव्हतं, छायाबाईंनाही आता सांगता आलं नसतं. ती ओळीच्या मधोमध बसायची, झेंडूची फुलं सगळीकडे थोडी थोडी टाकायची, म्हणजे त्यातलं एखादं बरोबर पडेल. या वेळी ती चुन्याच्या रेघेपाशीच अडली.

“सिस्टर, ह्ये काय आखलं हाय?”

छायाबाईंनी सांगितलं. कुसाबाईनं सगळं ऐकून घेतलं, पण ती रडली नाही, भांडली नाही. पदरातली फुलं तशीच धरून म्हणाली, “मंग पुढल्या साली मी कुडं बसू?”

तिला चहा पाजून बसमध्ये बसवून दिल्यावर छायाबाई स्टँडवरच्या बाकड्यावर बराच वेळ बसून राहिल्या. त्यांना भीती वाटत होती. हे त्या कुणाला सांगणार? वडील आहेत त्या.

शुक्रवारी उजागरे सर सफरचंदं घेऊन घरी आले. माणूस गोड बोलणारा. यादवरावांच्या पलंगाशी बसून त्यांनी एसटीच्या जुन्या गोष्टी काढल्या, छोटीशी प्रार्थना केली, आणि उठताना स्वयंपाकघराच्या दारात थांबले. कमळाबाईंच्या शेजारची जागा त्यांनी झुंबरला साफ करून ठेवायला सांगितली होती. देव करो आणि लागायला नको, पण आपली तयारी असावी, असं ते म्हणाले.

“आणि रविवारी सभा आहे,” ते पुढे म्हणाले. “या वेळेला हात वर करून घेऊ. जमाना बदललाय, आमेनवर किती दिवस अडून बसायचं? तुमच्याशिवायही होतंय, सिस्टर. पण तुम्ही बरोबर असलात तर यादवभाऊंच्या वेळेला मला कुणाला समजावत बसावं लागणार नाही.”

ते गेले. सफरचंदं ओट्यावर राहिली. धमकी कुठे होती, असं विचारलं असतं तर बाईंना बोट ठेवून दाखवता आलं नसतं.

एकट्या बाईचं आमेन आता कुणाला अडवणार नव्हतं. अडवणारी एकच गोष्ट उरली होती, आणि ती छायाबाईंना ओट्यापाशी उभ्या असतानाच सुचली. सुचली तशी त्यांना स्वतःचीच शिसारी आली. मंडळीचा एक नियम बिल्डरच्या वकिलालाही वाकवता आला नसता. वयानं मोठ्या माणसाच्या ताज्या कबरीला एक पिढी हात लावायचा नाही. लेकरांच्या कबरींविषयी नियमात काही लिहिलेलंच नव्हतं, तेव्हा कुणाला ते सुचलं नसावं. आणि खड्डा कुठे काढायचा हे अजून तरी कबरस्तानाचे वडीलच दाखवत होते.

शनिवारी सकाळी यादवरावांचा श्वास उथळ झाला. छायाबाईंनी असे श्वास पुष्कळ पाहिले होते. त्यांनी खिडकी उघडली, ओल्या फडक्यानं त्यांचे ओठ पुसले आणि हात हातात घेऊन बसल्या.

“आईपाशीच ना?” यादवरावांनी विचारलं.

“हो,” छायाबाई म्हणाल्या.

यादवरावांनी त्यांच्या हातावर अंगठा दाबला. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. बायकोच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता, आणि का नसावा? जे मनात नाही त्याला प्रार्थनेतसुद्धा होकार न देणारी ती बाई. जेवणवेळेच्या आधी ते गेले.

झुंबर खोरं घेऊन फाटकात उभा होता. “आजीपाशी काढाया सांगितलाय उजागरे सायबानी. गवत काढून ठिवलंय.”

“तिथं नाही. माझ्याबरोबर चल.”

लेकरांच्या ओळीत, दोन्ही चुन्याच्या रेघांच्या बरोबर मध्ये त्यांनी जागा दाखवली. झुंबरनं एकदा भिंतीच्या भगदाडाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. “सिस्टर, सायब मला कामावरून काढतील.” छायाबाईंनी सांगितलं, की वडिलांनी दाखवली तिथं काढली एवढंच म्हण, बाकीचं माझ्यावर. तो खोदायला लागला आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या. खाली काही लागलं तर जपून, एवढंच त्या मध्ये मध्ये सांगत होत्या.

संध्याकाळी पेटी आली तेव्हा सगळी मंडळी आली होती. माणूस अबोला धरतो, पण मातीला येतो. उजागरे सर पुढे होते आणि पिंपळाकडे वळत होते. पेटी धरलेली माणसं मात्र छायाबाईंच्या मागून सरळ गेली. खड्डा पाहिल्यावर सरांचा चेहरा उतरला. ते बाईंच्या कानाशी येऊन म्हणाले, “हे बरं नाही केलंत. याचा हिशोब होईल.” छायाबाईंनी मान हलवली. होईल हे त्यांना ठाऊक होतं. भगदाडापलीकडे ती पांढरी गाडी आजही उभी होती.

पाळकसाहेबांनी नेहमीची उपासना वाचली. मग पुस्तक मिटून ते म्हणाले, “प्रभू, ही जागा तुझ्या ताब्यात देतो. तुझ्या येण्यापर्यंत इथली माती कुणी हलवू नये.” हे पुस्तकात नव्हतं. त्या मऊ माणसाला ते कुठून सुचलं, देव जाणे.

“आमेन,” मंडळी म्हणाली. कमिटीचे सगळे वडील म्हणाले. कबरीशी उभं राहून आमेन न म्हणणारा माणूस अजून जन्मायचा आहे, त्यामुळे उजागरे सरांचेही ओठ हलले. आणि म्हणून झाल्यावर आपण काय म्हटलं ते त्यांच्या लक्षात आलं. छायाबाईंचा आवाज त्यात होता की नाही, ते त्यांच्या शेजारच्या बाईलासुद्धा सांगता आलं नाही.

माणसं मूठमूठ माती टाकून फाटकाकडे गेली. बाया छायाबाईंना घरी चला म्हणत होत्या. त्या आलेच म्हणून पिंपळाच्या बाजूला वळल्या. कमळाबाईंच्या डावीकडची जागा झुंबरनं खरंच छान साफ केली होती, गवताची काडी नव्हती. छायाबाई तिथं खाली बसल्या. त्या रडल्या. मग तोंड पुसून सासूच्या दगडावर हात ठेवला.

“आत्या, हे आले,” त्या म्हणाल्या. “मला तुमच्यापाशी नाही आणता आलं. तिकडे मागं आहेत, लेकरांत. मी त्यांना सांगितलं नाहीये. तुम्ही हाक मारा, म्हणजे घाबरणार नाहीत.”

मग पदर सारखा करून त्या फाटकाकडे निघाल्या.