काखेकडची कड

नात पहिलीत गेली त्या वर्षी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मावशी रुग्णालयाच्या सोनोग्राफी विभागाच्या मागच्या खोलीत पातेलं ढवळत होती. पाण्यात जिलेटिन आणि इसबगोल शिजून दाट, गढूळ रस झाला होता. तो डब्यात ओतून गोठवला की स्तनाच्या सोनोग्राफीच्या परीक्षेचा ठोकळा तयार व्हायचा. आत पाच गाठी. गाजराचे तुकडे म्हणजे घट्ट गाठी, पाणी भरून बांधलेलं हातमोज्याचं बोट म्हणजे पाण्याची गाठ. उमेदवाराने मशीनचा प्रोब फिरवून पाचही शोधायच्या. एक जरी राहिली तरी नापास.

यंदा उमेदवारांत याच विभागात शिकणारी तिची सून होती.

"हे काम दुसऱ्या कुणाला द्या," मावशीने परीक्षक डॉक्टरीणबाईंना सांगून पाहिलं होतं. "घरचं माणूस परीक्षेला आहे."

डॉक्टरीणबाई हसल्या. "मावशी, तुम्ही आणि सुनेला सूट देणार? चार गाठी कागदावर दिल्यात तशा ठेवा. पाचवी अवघड ठेवा, कुठे ते तुम्हीच ठरवा."

चार गाठी ठरल्या जागी गेल्या. पाचव्या गाजराचा तुकडा मावशीने चिमटीत धरला. दुसरा हात एप्रनखाली गेला आणि डाव्या काखेच्या जरा पुढे थांबला. मग तिने चाकूने तुकडा आणखी थोडा तासला आणि डब्याच्या ज्या बाजूला 'काख' असं लिहिलं होतं, तिथे अगदी कडेला ठेवला.

फेब्रुवारीपासून ते तिच्या हाताला लागत होतं. विभागातल्या मुली रोज तिच्या हातचा चहा प्यायच्या. त्यांच्यापुढे अंगावरचं काढायला तिला नको वाटत होतं. मान्यता मिळेपर्यंत सुनेच्या शेजारी कुणी तरी अनुभवी बसणार, तसा नियमच होता. ती पास झाली की खोलीत एकटी बसेल. तेव्हा तिलाच दाखवू, असं मावशीने ठरवून टाकलं होतं. चार महिने तर निघून गेले होते. आता आठवड्याचा प्रश्न.

संध्याकाळी भांडी विसळता विसळता सून म्हणाली, "आई, निदान उजवीकडे की डावीकडे, एवढं तरी सांगा."

"मी सांगून सापडली, तर ती तुला सापडली का?"

"सगळ्या म्हणतात, सासूच पेपर काढते, मजा आहे हिची."

"त्यांना म्हणावं, घ्या सासू बदलून."

दोघी हसल्या.

परीक्षेत सुनेला चार गाठी सापडल्या. 'हात कडेपर्यंत नेला नाही,' असा शेरा आला. पुढची परीक्षा डिसेंबरात.

"इतक्या कडेला कोण ठेवतं, आई?" सुनेचे डोळे रडून सुजले होते.

मावशीने तिच्यापुढचा गार झालेला चहा उचलला आणि पुन्हा गॅसवर ठेवला. पाठमोरीच म्हणाली, "असते तिथेही."

ऑक्टोबरात डॉक्टरीणबाई जिन्यात भेटल्या. "मावशी, किती वाळलात!"

"सून अभ्यासाला बसते, मग स्वयंपाक मीच करते. स्वतःच्या हातचं किती खाणार?"

डिसेंबरात पातेलं पुन्हा चढलं. डावा हात आता खांद्याच्या वर जात नव्हता. वरच्या फळीवरचे डबे तिने सफाईवाल्याकडून काढून घेतले. या वेळी पाचवा तुकडा तिने ठोकळ्याच्या मधोमध ठेवला, कुणालाही सापडेल असा. थोडा वेळ ती त्याच्याकडे पाहत उभी राहिली. मग चमच्याच्या टोकाने तो ढकलत ढकलत काखेकडच्या कडेला नेला आणि वरून रस ओतला.

सुनेला पाचही सापडल्या.

मान्यतेचं पत्र आलं त्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, मावशी सुनेच्या तपासणीच्या खोलीत शिरली आणि तिने आतून कडी लावली.

"काय हो आई, शाबासकी द्यायला आलात की उलटतपासणीला?"

मावशी तपासणीच्या खाटेवर बसली. एप्रनची गाठ सुटायला वेळ लागला.

"जरा बघतेस?"

सुनेने जेल लावलं. प्रोब मधोमध टेकवून फिरवत फिरवत बाहेर नेला. कडेला तिचा हात थांबला. तिथून पुढे काखेत गेला, तिथेही थांबला. तिने एकामागून एक मापं घेतली. मग पहिल्यापासून पुन्हा घेतली.

"कधीपासून आहे, आई?"

"आत्ताच. पंधरा-वीस दिवस झाले असतील. जूनमध्ये काहीसुद्धा नव्हतं."

जूनचं कुणी विचारलं नव्हतं.

सून पडद्याकडेच पाहत राहिली. मशीनचा पंखा घुमत होता. मग तिने कागदी रुमाल घेतला आणि मावशीच्या अंगावरचं जेल काखेपासून सावकाश पुसून काढलं.

"हो," ती म्हणाली. "नवीनच दिसतेय."

मावशी पुढच्या वर्षी ऑगस्टच्या एकोणीस तारखेला, सकाळी सव्वानऊ वाजता वारली.