तिसऱ्या प्रकरणातलं दार

पोरीने डिझर्टेशनसाठी ती कादंबरी निवडली, कारण ती पातळ होती. हे कुणी कबूल करत नाही, पण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इंग्रजी साहित्य घेतलेली मुलं आधी जाडी बघतात, आशय मागाहून. कॉलेजच्या ग्रंथालयात तिची एकच प्रत, बाइंडरने निळ्या कापडात बांधलेली. नवऱ्याला सोडून गेलेली बाई बऱ्याच वर्षांनी परत येते, दाराच्या कडीवर हात ठेवते, आणि कादंबरी संपते. बस्स.

मार्गदर्शक मॅडम खूश झाल्या. त्यांची पीएच.डी. याच कादंबरीवर, याच निळ्या प्रतीवरून झालेली. न उघडलेलं दार म्हणजे बाईचं स्वातंत्र्य, हे त्या वर्गात वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. मुलं मागून त्यांना ‘दारवाल्या मॅडम’ म्हणायची, आणि ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. पोरीने अख्खं तिसरं प्रकरण त्या दारावर खर्ची घातलं. मॅडमनी समासात ‘उत्तम’ असा शेरा दिला. असा शेरा विभागात कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नव्हतं.

घरी आई मात्र पिच्छा सोडेना. पोर रोज जेवताना थोडीथोडी गोष्ट सांगायची, त्यामुळे आई त्या बाईत पार गुंतली होती.

“मग? गेली का आत?”

“आई, ते लेखिकेने मुद्दाम मोकळं ठेवलंय.”

“मोकळं काय मोकळं! एवढा प्रवास करून आली आणि दारात उभी? वेडबिड लागलंय का तिला?”

“ते प्रतीक आहे.”

“असेल. पण गेली का?”

आठवडाभर हेच. शेवटी दादा वैतागला. त्याने मोबाईलवर भलत्याच कुठल्या ग्रंथालयाची स्कॅन केलेली प्रत हुडकली आणि भाजी चिरणाऱ्या आईला मराठीत शेवट सांगायला बसला. कडीवर हात ठेवल्यानंतर चांगली वीसेक पानं होती. बाई आत जाते. नवऱ्याचा पाय मोडलेला असतो. ती आधी त्याला यथेच्छ झापते, मग चहा टाकते. शेवटच्या पानावर दोघं परसात बटाटे लावतात.

“गेली बाई एकदाची,” आई म्हणाली आणि भाजी फोडणीला टाकली.

पोरीने धावत जाऊन निळी प्रत आणली आणि शेवटचं पान उघडून बघितलं. निळ्या प्रतीची शेवटची पानं बांधणीच्या आधीच गळून गेली होती, आणि बाइंडरने उरलेलं अगदी नीटनेटकं शिवून दिलं होतं. डिझर्टेशन सोमवारी द्यायचं होतं. सांगावं तर तिसरं प्रकरण गेलं, आणि त्यापाठोपाठ वर्षही. न सांगावं तर बाहेरच्या परीक्षकाने पुस्तक पुरतं वाचलेलं नसू दे, एवढीच आशा. शिवाय मॅडम! ज्यांचा जन्म एका बंद दारावर गेला, त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं की ते उघडतं?

“गप्प बस,” दादा म्हणाला. “कोण बघतंय?”

“मी बघितलं ना,” पोर म्हणाली, आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी ती विभागात गेली. बोलायचा धीर होईना, म्हणून तिने मोबाईलच पुढे केला. मॅडमनी चष्मा बदलला आणि वाचायला घेतलं. शिपाई चहा ठेवून गेला, त्यावर साय धरली. शेवटाशी आल्यावर त्यांनी शेवटचं पान पुन्हा वाचलं.

“बटाटे,” त्या म्हणाल्या.

“हो मॅडम.”

“बरं लिहिलंय.”

पोरीला वाटलं, आता या रडतील, नाहीतर आपल्याला हाकलून देतील. दोन्हीची तिने मनाची तयारी केली होती. मॅडमनी कार्यालयात फोन लावला, पंधरा दिवसांची मुदत मागितली, आणि कारण विचारल्यावर “मार्गदर्शकाची चूक” एवढंच सांगितलं. मग कपाट उघडून स्वतःचा काळ्या पुठ्ठ्याचा प्रबंध काढला, त्यावरची धूळ हाताने पुसली आणि तिच्यासमोर ठेवला.

“तिसरं प्रकरण नव्याने लिही. या शेवटाबद्दल आधी कोण काय चुकीचं म्हणून गेलंय, तिथून सुरुवात कर. पान क्रमांक नीट दे.”

पोरीला प्रबंध उचलवेना. “मॅडम, तुमचं नाव नाही घातलं तर...”

“पूर्ण नाव घाल,” मॅडम म्हणाल्या. “आडनाव आधी.”