पाटीवरचा नवा हात

मित्रांनो, माझ्यावर एकही अक्षर नाही, तरी मी पाटीच आहे. दवाखान्याच्या तळमजल्यावर एका दारावर चार खिळ्यांनी ठोकलेली जुनी, पत्र्याची पाटी. या दारामागे बाळांची खोली आहे. दूध गरम करावं, लंगोट बदलावा, रडून दमलेल्या बाळाला घटकाभर निजवावं, यासाठी. अंगावर पाजणाऱ्या आयांना आत पडद्याआड वेगळी जागा आहे. बाकीची खोली सगळ्यांची.

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी पेंटरकाकांना बजावलं होतं, "अक्षरं नकोत. इथे नाना भाषांची माणसं येतात, कुणाला वाचताही येत नाही. चित्र बघताक्षणी कळलं पाहिजे."

काकांनी मला घरी नेलं, घासलं, निळा रंग दिला आणि काय काढावं म्हणून डोकं खाजवत बसले. समोर स्वयंपाकघराच्या दारात त्यांची बायको तान्ह्या लेकीला घेऊन उभी होती. झालं काम. डोक्याला एक गोल, झग्याला त्रिकोण, कडेवर छोटा गोल, सगळं पांढरं. स्वतः काकांनी लेकीला कधी घेतलंच नव्हतं, तर त्यांना ते सुचणार कुठून? घरात दिसलं ते त्यांनी काढलं. घरोघरी तेच होतं, म्हणून कुणाला वावगं वाटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी माझं कौतुक केलं आणि मी फुशारून गेले.

आया बरोबर माझ्याकडे वळायच्या. पण अधूनमधून एखादा बाप बाळ घेऊन यायचा, मला बघायचा आणि मागे फिरायचा. मग बाहेरच्या बाकावर, वाऱ्यात, मांडीवर बाळ आडवं घालून तो लंगोटाशी झटापट करायचा. जाणारे-येणारे हसायचे. त्याला कुणी हाकललं नव्हतं. माझं चित्रच तेवढं करायचं. मला फार लाज वाटायची. मान खाली घालावी म्हटलं, तर चारी कोपऱ्यांत खिळे.

एका दुपारी पेंटरकाका आले. केस पांढरे झालेले, हातात रडून लाल झालेला नातू, खांद्याला पिशवी. खोली सांभाळणाऱ्या मावशी दारात आडव्या आल्या.

"आजोबा, इथे बायका असतात. आजींना पाठवा ना."

"आजी नाही आता."

"मग बाळाच्या आईला."

"तिचं ऑपरेशन चाललंय वर. जावई तिथेच आहे. याचा लंगोट तेवढा बदलू द्या हो."

"मी काय करू? पाटीच तशी आहे." मावशींनी माझ्याकडे बोट केलं.

काकांनी वर पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ही मीच रंगवलीय. ही याची आजी. आणि कडेवर याची आई."

मावशींचा आवाज मऊ झाला. "मग तुम्ही कुठे आहात हो त्यात?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशींनी दार उघडून धरलं आणि आत लंगोट कसा बांधायचा तेही दाखवलं. काकांनी तो आयुष्यात पहिल्यांदा बांधला, तोही उलटा.

लेक बरी होऊन घरी गेली. त्यानंतर काका डॉक्टरीणबाईंना विचारून रंगाचा डबा घेऊन आले. बायकोला त्यांनी खोडलं नाही. कडेच्या चिंचोळ्या जागेत, अंग चोरून उभा असलेला एक माणूस काढला आणि त्याचा हात लांब करून बाळाखाली धरला. आता बाप थेट आत येतात. मावशी आडव्या येत नाहीत.

पण मित्रांनो, माझी लाज काही पुरती गेली नाही. तुम्ही कधी चित्र काढलंत, तर त्यात कोण राहून गेलं ते एकदा बघा. आणि मला पुसाल तेव्हा हलक्या हाताने पुसा. बाईचा पांढरा रंग आता पिवळा पडलाय. बाळाखालचा तो हात मात्र अजून पांढराशुभ्र आहे. तो किती उशिरा आला, ते लांबूनही दिसतं.