गिटारच्या मानेचा मोजा

तारांचा आवाज दबावा म्हणून रंगाऱ्याने लेकीच्या गिटारच्या मानेला स्वतःचा मोजा बांधला. तो धुतलेला होता, एवढंच त्याचं कौतुक. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई जिन्यात म्हणाल्या होत्या, "तुमच्या घरातला आवाज जरा आवरा." त्यांच्या तोंडी लागायची छाती याच्यात नव्हती.

तीन महिने लेकीने, चिमणीने, मोज्यासकट घासलं. पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, एकाच ओढीत पाच तारांवरून न्यायची. सूर वाजला की डावं बोट लगेच सैल सोडायचं, नाहीतर सगळ्या सुरांचा काला होतो. बापाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ऐकताना तो ब्रश धुवायचा विसरायचा.

रविवारी बँडची निवड होती. गुरुवारी तिने मोजा काढला आणि झाकली मूठ उघडली. सोडलेली प्रत्येक तार मागे भणभणत राहिली.

"मी जाणार नाही," चिमणी म्हणाली. "माझी चूक तुझ्या मोज्याखाली लपली होती, बाबा."

रंगारी मोजा मुठीत धरून तडक वर गेला. आयुष्यात पहिल्यांदाच.

"तीन दिवस गिटार वाजणार. कानात कापूस घाला नाहीतर माहेरी जा."

बाई शांतपणे म्हणाल्या, "गिटारला कोण काय म्हणालं? मी तुमच्या रेडिओबद्दल बोलले होते. सकाळी सहाला बोंबलतो मेला."

माणूस घाबरट असला की पोरांच्या वाट्याला मोजे येतात. हे त्याला जिना उतरताना कळलं आणि त्याने स्वतःला एक सणसणीत शिवी हासडली.

मग तो रंगाच्या रिकाम्या डब्यावर ब्रशच्या दांड्याने ठोके देत बसला. चिमणीने आधी दोनच तारा घेतल्या, गोगलगायीच्या चालीने. मग तीन. मागे पडलेल्या तारांवर उजवा तळवा टेकवून त्या गप्प करायच्या.

"भिंतीवर ब्रश फिरवताना आम्हीसुद्धा..."

"बाबा, ज्ञान नको. ठोका दे."

त्याने निमूट ठोका दिला.

रविवारी तो हॉलबाहेर उभा होता. चिमणी बाहेर आली.

"शेवटी एक तार भणभणली."

"मग?"

"मग काय. बुधवारपासून सरावाला ये म्हणाले." गिटार त्याच्या खांद्याला अडकवून ती पुढे निघाली. "आणि घरी गेलास की आधी त्या रेडिओला मोजा घाल."