दसऱ्याला पुजलेला चाकू

धरमपेठेत मार्तंडरावांकडे दसऱ्याला पाटावर विळी, पेचकस, स्कूटरची किल्ली असं काय काय मांडतात. मधल्या जागेचा मान मात्र एका घडीच्या चाकूचा. सीताबर्डीच्या लढाईत खापरपणजोबांनी तो एका गोऱ्या घोडेस्वाराकडून हिसकावला, हे मार्तंडराव पन्नास वर्षं सांगत आले होते. दर दसऱ्याला लढाई थोडी लांबायची. मागच्या वर्षी तर घोडाही जखमी झाला. कोणी हरकत घेत नसे, कारण श्रीखंड नंतर यायचं. चाकूच्या मुठीच्या टोकाला हाडाची चपटी जीभ होती. तिनं घोड्याच्या टापेतले खडे काढत, असं तेच सांगत.

पुतण्या गौरांगनं कुलवृत्तांत छापायला घेतला आणि गोष्ट अडली. अशा ग्रंथात कोण किती शिकला, कुठून निवृत्त झाला, एवढंच असतं. मार्तंडरावांच्या नावापुढे ‘निवृत्त मुख्य लिपिक’ येणार होतं, पुढे पूर्णविराम. पराक्रमाचं पान एकच, या चाकूचं, आणि त्यात त्यांचा जीव अडकला होता. गौरांगचा निरोप आला, ‘काका, चाकू कुणी बनवला, कधीचा, तेवढं कळवा. सोमवारी छपाई.’

नात चिन्मयीनं पात्याच्या मुळाशी खडूची पूड चोळली. झिजलेला शिक्का उमटला. तासभर ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली.

“आबा, हा विलायतेतल्या एका लहान कारखान्याचा.”

“मग मी काय म्हणतो?”

“पण कारखाना सुरू झाला एकोणीसशे चोवीसला आणि बंद पडला एकोणचाळीसला. लढाई अठराशे सतराची.”

“त्या मोबाइलवर कोणीही काहीही लिहितं,” मार्तंडराव म्हणाले. पण त्यांनी चहा अर्धाच ठेवला.

तेवढ्यात वाडीच्या रस्त्याला रोपवाटिका असलेले रुपराव मार्तंडरावांच्या पत्नी ताराबाईंच्या कुंड्या बघायला आले. टीपॉयवर कुंकू लागलेला चाकू दिसला आणि ते दारातच थांबले.

“काहून जी, डोळे बांधाच्या चाकूले कुंकू?”

“कसले डोळे?”

“संत्र्याचे. कलमं कराचा चाकू हा. जंबेरी लिंबाच्या रोपावर चीर द्याची, या जिभेनं साल उचलाची, आत चांगल्या झाडाचा डोळा बसवाचा अन् बांधून टाकाचा. माह्या बापापाशी होता ना असाच. त्याची जीभ पितळेची होती.”

“टापेतले खडे...” मार्तंडराव पुटपुटले.

“या जिभेनं? घोडं हासन जी.” रुपरावांनी पातं उजेडात धरलं. “घासू घासू अर्धं राहिलं. विसेक हिवाळे काम केलं यानं, पण टवका नाही कुठं. लय सफाईचा हात. अन् माणूस डावखोरा. मुठीवर अंगठ्याचा खड्डा पाहा कोण्या अंगाले आहे.”

खोलीत डावखुरं कोणी नव्हतं. ताराबाई हळूच म्हणाल्या, “अहो, तुमचे आजोबा होते ना?”

आजोबा काटोलकडच्या एका मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदाराकडे, दिवाणजी होते, असं घरात सगळे सांगत. लहानपणी मार्तंडरावांनी त्यांच्या अंगठ्यावरच्या आडव्या घट्ट्यावर बोट फिरवून विचारलं होतं, हे कसं झालं? ‘लिहून लिहून घट्टा पडला,’ आजोबा म्हणाले होते. घट्टा डाव्या अंगठ्यावर होता. शाळेत मार खाऊन आजोबा लिहायला मात्र उजव्या हातानं शिकलेले. सत्तर वर्षं हे नातवाच्या ध्यानात आलं नव्हतं.

“म्हणजे दिवाणजी नव्हे, मजूर,” मार्तंडराव म्हणाले. 

“मजूर नका म्हणू,” रुपराव जरा दुखावले. “यानं बांधलेल्या झाडाचे डोळे घेऊन लोकाइनं दुसरे झाडं बांधले अस्तीन, त्याइचे घेऊन तिसरे. तुमी आज जे संत्रं खाता, ते कोनाच्या हातचं, सांगता येते का?”

आपल्या माणसानं वीस वर्षं एवढं नेटकं काम करावं आणि घरी येऊन ते लपवावं, हे लढाई हरण्यापेक्षा मार्तंडरावांना जास्त लागलं. त्यांनी फोन उचलला.

“मग काका, ते पान काढून टाकू?” गौरांगनं सगळं ऐकून विचारलं.

“पान राहू दे. लढाई काढ. आजोबांनी वीस हिवाळे संत्र्याचे डोळे बांधले, असं लिही. स्वतःच्या हातानं, तेही लिही.”

“बाकीचे नातेवाईक पुरावा मागतील.”

“पुरावा इथं बसून चहा पिऊन राहिला.”

“नाव काय त्यांचं?”

मार्तंडरावांनी रुपरावांचं नाव सांगितलं. रुपरावांनी कप खाली ठेवून शर्टाची कॉलर नीट केली. “गावही टाकाले सांगा जी,” ते म्हणाले. “रुपराव आमच्याकडं लय आहेत.”